तुझी पार्सलं माझ्या नावावर यायची

भास्कर,

तुझी सगळी पार्सलं माझ्या नावावर यायची. कुरिअरवाला दुकानात शिरायचा, युरियाच्या गोण्यांवर खोका ठेवायचा आणि विचारायचा, "काय मागवता हो शेठ एवढं परदेशातून? बियाणं हाय का?" मी म्हणायचो, "हो, बियाणंच." सही करायचो आणि तुला फोन लावायचो. फोनवर दोनच शब्द: "आलं बे." अर्ध्या तासात तुझी मोटारसायकल दारात हजर. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतला पांढरा कोट तसाच अंगात, कोटाला उसाच्या रसाचा आंबूस वास.

पण खोका उघडायची घाई तू कधी केली नाहीस. आधी मागच्या नळावर हात धुवायचास, मलाही धुवायला लावायचास. "तुझ्या हाताला औषधाचा वास हाय, लांब हो." मग हळूच टेप काढायची, आतला कागद घडी करून बाजूला ठेवायचा आणि शेवटी बोटाएवढी एक मूर्ती तळहातावर उभी करायची. कधी भाला घेतलेला सैनिक, कधी जादूगारीण, कधी अर्धा माणूस आणि अर्धा बोकड. तू खिशातून भिंग काढायचास. "बघ पल्या, डोळ्यात बुबुळ काढलंय. एका केसाच्या ब्रशनं. कोणीतरी तिकडं बसून हे बुबुळ काढलंय बे." किंमत मी विचारायचो, तू खरी सांगायचास. माझ्याशी तू कधी खोटं बोलला नाहीस. मग किमतीची चिठ्ठी फाडून माझ्याच कचऱ्याच्या डब्यात टाकायचास आणि घरी जायचास. शोभावहिनींना सांगायचं ठरलेलं वाक्य होतं: "ऑफरमध्ये मिळालं." कधी त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तर मी मान हलवायचो. हो, ऑफरच होती.

परवा कारखान्याच्या कँटीनमध्ये तुझी शोकसभा झाली. संचालक बोलले, शेतकी खात्याचे लोक बोलले. सगळ्यांनी तुला मनमिळाऊ म्हटलं, कामसू म्हटलं. तिघांनी निर्व्यसनी म्हटलं. तेव्हा मी खाली बघत होतो. मग सूत्रसंचालन करणाऱ्यानं माझं नाव घेतलं, "भास्कररावांचे जिवलग मित्र." मी उठलो, चार वाक्यं बोललो, बसलो. बाहेर पडताना लोकांनी माझे हात हातात घेतले, पाठीवर हात ठेवला. पाच वर्षं आपण एकमेकांशी धड बोललेलो नव्हतो, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. जे तिथं बोललो नाही ते इथं लिहितोय.

हा खेळ तू पुण्याहून आणलास. साखरेच्या प्रशिक्षणाला तीन महिने गेलतास आणि परत येताना बॅगेत एक जाड पुस्तक आणि प्लॅस्टिकचे सात फासे घेऊन आलास. कॉलनीतल्या तुझ्या क्वार्टरमध्ये आम्हाला तिघांना बसवलंस. मी, वजनकाट्यावरचा सुभाष आणि शाळेतले जाधव सर. "पत्ते न्हाईत, पट न्हाई, हारजीत न्हाई," तू म्हणालास. "मी गोष्ट सांगणार. तुमी त्या गोष्टीतली माणसं. तुमाला वाटंल ते करा. जमलं का न्हाई, ते फासा सांगंल." सुभाष म्हणाला, "म्हंजी भातुकलीच की." तू चिडला नाहीस. "हो," म्हणालास, "मोठ्या माणसांची."

मी चोर झालो. का, ते आज आठवत नाही, पण तू कागदावर लिहिलंस: प्रल्हाद, चोर, कुलपं उघडण्यात हुशार, मारामारीत कच्चा. दर रविवारी दुपारी जेवून मी तुझ्याकडं यायचो आणि संध्याकाळपर्यंत चोर असायचो. दुकानात उधारीवर औषध मागणाऱ्यांपुढे दिवसभर कडक चेहरा करून बसणारा मी, तुझ्या सतरंजीवर बसून एका नसलेल्या दाराला कान लावायचो. तुझं सांगणं असं असायचं की त्या दारामागं खरंच कोणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. पुस्तकातले बर्फाचे डोंगर तू आमच्या बालाघाटाच्या रांगेत आणून ठेवलेस. त्यातले सरदार आमच्या भाषेत बोलायला लागले. एकदा एका राक्षसानं मला अडवून विचारलं, "कावून आला बे हिकडं?" मी इतका हसलो की चहा सांडला.

ते प्लॅस्टिकचे फासे वर्षभरही टिकले नाहीत. म्हणजे तुटले नाहीत, तुला पुरेनासे झाले. मग अकीक दगडाचे आले, मग निळ्या दगडाचे, एकदा कुठल्याशा धातूचे, इतके जड की सतरंजीवर पडताना धप्प वाजायचे. मग मूर्ती. मग रंगवलेल्या मूर्ती. मग ज्या फक्त काहीशेच काढल्या आणि साचा मोडला, अशा मूर्ती. त्या तू खेळायलाही आणायचा नाहीस. काचेच्या कपाटात ठेवायचास, आणि आम्ही लांबून बघायचो. मला तेव्हाही वाटायचं, सांगतो आता, की खेळ एकीकडं राहिला आणि कपाट एकीकडं चाललंय. तुझं लक्ष आमच्यापेक्षा मोबाइलवर जास्त. कुठली मूर्ती कधी विकायला येणार, किती मिनिटांत संपणार. मी बोललो नाही, कारण पार्सलं माझ्याच दुकानात येत होती. त्या थराराची मलाही सवय लागलेली.

मग ते दुष्काळाचं साल आलं.

पाऊस नव्हताच. उन्हाळ्यात धरणाच्या तळाला पडलेल्या भेगांत म्हशीचा पाय अडकत होता. उभा ऊस लोकांनी चाऱ्याला तोडून दिला. कारखान्याला गाळायला काही उरलं नाही. त्या वर्षी बॉयलर पेटला नाही. चिमणीतून धूर न निघालेला डिसेंबर मी पहिल्यांदाच पाहिला. तुमचे पगार आधी अर्धे झाले, मग थांबले. माझ्या दुकानात बियाणाची पोती तशीच थप्पीला. कॉलनीत टँकर तीन दिवसांआड.

अशात एप्रिलमध्ये ते मोठं पार्सल आलं. नेहमीच्या चौपट. मी फोन केला, "आलं बे." अर्धा तास झाला, तासही झाला. मग तू आलास, चालत. कारखान्यापासून तीन किलोमीटर, एप्रिलच्या दुपारी दोन वाजता. डोक्याला रुमाल, ओठ फुटलेले. मी विचारलं, "गाडी?" तू नळाकडं हात धुवायला गेलास. नळाला पाणी नव्हतं, मी माठातलं तांब्याभर दिलं. हात पुसत म्हणालास, "इकली."

खोक्यात ड्रॅगन होता. हातभर लांब, पंख पसरलेला, मानेवरचा खवला न् खवला वेगळा. तांबडा म्हणावा तर मध्येच सोनेरी. मी इतकी सुंदर वस्तू कधी हातात घेतली नव्हती. ते त्या वेळी तुला सांगितलं नाही. आता सांगतो.

त्या वेळी मी म्हणालो, "भास्क्या, लाज वाटत न्हाई का? घरात पगार न्हाई. दुभती गाय यावी एवढे पैसे."

तू म्हणालास, "वर्षापूर्वी नोंदवलता. राहिलेले पैसे भरले नसते तर आधीचे बी गेले असते."

"मग जाऊ द्यायचे."

"पल्या, मी दारू पीत न्हाई. तंबाखू खात न्हाई. निवडणुकीचे बॅनर लावत न्हाई. एवढंच हाय माझं."

"वहिनीला काय सांगितलं गाडीचं?"

"ग्यारेजला टाकलीय."

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. तुझ्या लेकीचं, ऋतुजाचं शिक्षण काढलं, वहिनींच्या गळ्यातलं काढलं, लोक चारा छावण्यांत जनावरं बांधून बसलेत ते काढलं. तू ऐकून घेतलंस. मग ड्रॅगन परत कागदात गुंडाळत अगदी सावकाश म्हणालास, "तू मार्चमध्ये दोन बोअर घेतले. एक पाचशे फूट, एक सहाशे. काय निघालं?"

मी माठावर झाकण ठेवलं.

"फुफाटा निघाला. तुझ्या बोअरच्या पैशात माझे चार ड्रॅगन आले असते. तुला कोणी म्हणलं का, लाज वाटत न्हाई का? उलट सांत्वनाला आले लोक. तू धूळ इकत घेतली पल्या, मी हे घेतलं."

खोका डोक्यावर घेऊन तू चालत निघून गेलास.

ते वाक्य मला इतकं लागलं, कारण मला त्याला उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. पाणी शोधणं आणि खेळणं घेणं एक कसं, असं मी मनाशी शंभरदा म्हणालो. पण दुसरा बोअर घेताना पाणी लागणार नाही हे मला माहीत होतं, भास्कर. जमिनीतलं पाणी बघणाऱ्या पाणाड्यानंही नकारार्थी मान हलवली होती. शेजारच्यानं तिसरा घेतला म्हणून मी दुसरा घेतला. मशीन शेतात उभं राहिलं की चार लोक जमतात, नारळ फुटतो, काहीतरी चाललंय असं वाटतं. मी ते वाटणंच विकत घेतलं होतं. तू नेमकं तिथंच बोट ठेवलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या घरी गेलो. तू ड्यूटीला गेलेला, बंद कारखान्यातही हजेरी लावावी लागायची. वहिनी टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवत होत्या. मी उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगितलं. गाडी विकली हे, पार्सलं माझ्याकडं येतात हे, कशाची किंमत किती हे. स्वतःला म्हणालो की मी मित्राचं कर्तव्य करतोय, हे घर बुडायच्या आत कोणीतरी सांगायला हवं. खरं कारण एवढंच होतं की तुझ्या वाक्याला उत्तर नव्हतं, म्हणून मी दुसरीकडून मारलं. वहिनींनी हात पुसले, "बरं," म्हणाल्या. त्या शनिवारी ऋतुजाला घेऊन माहेरी, सिरसाळ्याला गेल्या.

तू मला जाब विचारायला आला नाहीस. त्यासाठी मी आठ दिवस तयारी करून बसलो होतो.

मे महिन्यात दूध संस्थेनं कारखान्याच्या मोकळ्या मैदानात चारा छावणी उघडली आणि रिकाम्या बसलेल्या कर्मचाऱ्यांना तिथं कामाला लावलं. तुझ्याकडं जनावरांच्या कानातले बिल्ले आणि चाऱ्याची वजनं. मी खनिज मिश्रणाची पोती पुरवायचो, म्हणून आठवड्यातून एकदा येणं व्हायचं. गोदामाजवळ गाडी लावायचो, सुपरवायझरची सही घ्यायचो, तुझ्या बाजूला न बघता निघायचो.

एका दुपारी आरडाओरडा ऐकू आला. मला वाटलं भांडण लागलं, चाऱ्यावरून रोज लागायचं. जाळीच्या मांडवाच्या टोकाला वीस-पंचवीस माणसं गोल करून बसली होती. मध्ये उलटं घमेलं. घमेल्यावर तुझा ड्रॅगन.

मी पोत्यांच्या थप्पीआड उभा राहिलो. तू सांगत होतास, "गुहेच्या तोंडाशी आलात तुमी. आतून गरम वारा येतोय. अन् समोर हा बसलाय. मामा, काय करता?"

अंकुशमामा म्हणजे दोन बैल घेऊन छावणीत राहिलेला म्हातारा, पुढं माझ्या दुकानाचं गिऱ्हाईक झाला. तो म्हणाला, "मी लांबच उभा राहतो. बैलं हायत माझ्यासंगं."

"मामा, गोष्टीत बैलं न्हाईत. तुमी योद्धे हाव."

"योद्धा झालो म्हणून बैलं सोडून देऊ का? बैलं हायत."

तू वहीत लिहिलंस. "बरं. बैलं हायत."

मग ती भागाबाई. दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी, त्या वर्षी तोडायला ऊसच नव्हता म्हणून एका गाईसंगं छावणीत अडकलेली. ती ड्रॅगनकडं कधीची टक लावून बघत होती. म्हणाली, "सायेब, हे जनावर पितं कुठं?"

तू म्हणालास, "म्हंजी?"

"येवढं धूड हाय. वरून आग वकतं. तान लागतच आसंल की. म्हंजी ह्याला पाणी ठावं हाय. मारून काय करता त्याला? आधी इचारा, पितं कुठं."

कोणी हसलं नाही. पंचवीस माणसं त्या ड्रॅगनकडं बघायला लागली. तुझा चेहरा मला बाजूनं दिसत होता. नऊ वर्षं तुझ्यासमोर बसून मी तुझा तो चेहरा एकदाही पाहिला नव्हता, कारण आम्ही तिघांनी तुझा कुठलाच राक्षस मारल्याशिवाय सोडला नव्हता. तू वीस बाजूंचा तो निळ्या दगडाचा फासा, ज्याला हात लावायला मला हात धुवावे लागायचे, तो शेणानं भरलेल्या तिच्या मुठीत ठेवलास. "टाका मावशी."

तिनं टाकला. विसापैकी एकोणीस पडले, म्हणजे जमलं. काय ओरडले सगळे! दावणीची जनावरं उठून उभी राहिली.

तेवढ्यात तुझी नजर माझ्यावर पडली. तू हात वर केलास. "पल्या! ये की. चोर हाय अजून तुझा."

आणि मी म्हणालो, "गाडी खाली करायचीय."

गाडी खाली झालेली होती, भास्कर. रिकामी गाडी घेऊन मी तेलगावात दुकानापर्यंत आलो आणि शटर न उघडता बराच वेळ बाहेर बसून राहिलो. नुसतं पुढं येऊन त्या सावलीत बसायचं होतं. तू जागा करून दिली होतीस. माफी मागायची सुद्धा गरज नव्हती, तू ती मागूच दिली नसतीस. पण मला वाटलं, मी बसलो तर तू जिंकलास. इतका साधा, इतका कोता हिशोब.

पुढं ड्रॅगनचा पंख मोडल्याचं अंकुशमामानं दुकानात सांगितलं. "बैलानं मान हलवली अन् गेला की पंख. मला वाटलं, सायेब आता रडतो. तर म्हणला, लढाईत जखमी झाला, लिवून ठिवतो." सांगताना म्हातारा हसत होता. मला हसू आलं नाही. त्या पंखासाठी तू गाडी विकली होतीस आणि मी तुझं घर मोडायला निघालो होतो.

जुलैत पाऊस झाला, छावणी उठली. वहिनी परत आल्या. पुढच्या सालाला बॉयलर पेटला. बाजारात, लग्नात, लिंबागणेशाच्या यात्रेत आपण समोर यायचो. "बरंय का?" "बरंय." "ऋतुजा कितवीला?" एवढंच. पार्सलं माझ्याकडं यायची बंद झाली, आणि तू घेणं सोडलंस की पत्ता बदललास हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. रविवारी दुपारी मी झोपायला शिकलो.

परवा शोकसभेनंतर वहिनींनी निरोप धाडला. क्वार्टर महिन्याभरात सोडायचं आहे. पुण्यातला तुझा कोणी खेळातला मित्र सगळं कपाट घ्यायला तयार आहे, पण वहिनींना आधी प्रत्येक वस्तूची खरी किंमत हवी होती. "तुमच्याशिवाय कोणाला ठावं, भावजी," म्हणाल्या. काल गेलो. त्या एकेक मूर्ती काढून सतरंजीवर मांडत गेल्या, मी सांगत गेलो. ही एवढ्याची. ही एवढ्याची. ड्रॅगनपाशी थांबलो. पंख तू इतक्या नेटकेपणी चिकटवलास की जोड हाताला लागतो, डोळ्याला नाही. पण गिऱ्हाइकाच्या लेखी आता त्याला मोल नाही, हे मी वहिनींना सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मला वाटलं व्हतं त्यापेक्षा कमीच निघालं सगळं."

मी बघतच राहिलो. "तुमाला माहीत होतं?"

"दर आठ दिवसांनी कोणाला ऑफर मिळती, भावजी? मी वेडी हाय का?"

"मग मी सांगितलं तेव्हा माहेरी कावून गेलतात?"

"गाडीचा राग आला. तो तर आलाच." त्यांनी एक मूर्ती पुसली. "पण गाडीपायी न्हाई गेले मी. नऊ वर्षं तुमी चौघं हिथं बसलात. मी आत पोहे करायची, च्या करायची, अन् ऐकायची. कोणत्या दाराआड काय हाय, कोण मेलं, कोण वाचलं, सगळं पाठ व्हतं मला. कधी कधी वाटायचं, आता ह्यांनी उजवीकडं जाऊ नये, अन् तुमी नेमके उजवीकडं जायचे. एवढ्या वर्षात तुमच्यातल्या एकानं बी म्हणलं न्हाई, शोभा, तू बी बस."

भास्कर, आपण त्या ड्रॅगनवरून भांडलो. पैसा कुठं घालावा आणि कुठं घालू नये यावरून आयुष्यातली पाच वर्षं घालवली. आणि भिंतीपलीकडं तुझी बायको पोहे परतत आपल्या चुका मोजत होती. यात तू एकटा नव्हतास. तिच्या हातचा चहा मीही घेतलाय, कप परत देताना "मस्त" म्हणालोय, आणि दाराकडं पाठ करून परत चोर झालोय.

"छावणीतून रोज फोन करायचे," वहिनी सांगत होत्या. "आज भागाबाई अशी म्हणली, आज मामानं बैलाला पाणी पाजलं. एक दिवशी मी म्हणलं, भागाबाईला बसवलं, मग मला कावून न्हाई? तर गप झाले. मग म्हणले, मला वाटलं, तू हसशील."

वहिनींनी पुढची मूर्ती पुसायला घेतली. बाहेर ऋतुजा कोणाशी तरी फोनवर बोलत होती. मी विचार करत होतो, प्रयोगशाळेत चूक निघाली तर जनरल मॅनेजरला तोंडावर सांगणारा तू, आणि तुला भीती कशाची, तर बायको हसेल याची.

"मी परत आले अन् मग आमी तिघं खेळलो की," वहिनी म्हणाल्या. "हे, ऋतुजा अन् मी. तुमचा चोर मीच चालवायची."

"माझा?"

"हां. ते म्हणले, पल्या येईल तवर तू चालव. फार भित्रा हाय भावजी तुमचा चोर, मला लई सुधरावा लागला." त्या हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. मी कपाटाच्या काचेकडं बघत बसलो.

तू वाट बघत होतास, हे मला आता कळलं. मीही बघत होतो. माझ्या मनात पक्कं होतं की कधीतरी एखाद्या रविवारी तू दुकानात येशील आणि नळाकडं हात धुवायला जाशील. गाडी विकायला नको होती, हे मी आजही म्हणेन. त्यावर तू आजही भांडला असतास. पण तुझ्या घरी जाऊन मी जे बोललो त्याबद्दल मी चुकलो. आणि त्या दुपारी मांडवात बसलो नाही, त्याबद्दल त्याहून जास्त चुकलो. हे तुला सांगायला मला दहा मिनिटंही लागली नसती. पाच वर्षं होती माझ्याकडं.

वस्तू परत कपाटात लावून झाल्या. पुण्याच्या माणसाला होकार कळवायचं ठरलं. ड्रॅगन तो घेणार नाही, आणि घेतो म्हणाला तरी ऋतुजा देणार नाही. मी उठलो, चपला घालत होतो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्या पैशाचं मी ठरवलंय."

मी थांबलो.

"मला बर्फ बघायचाय. पडताना. विमानानं जायचं, अन् चांगल्या हॉटेलात आठ दिवस राहायचं. माझी सिरसाळ्याची बहीण अन् मी. फिरून आले की मग बघू, कुठं राहायचं अन् काय करायचं."

माझं तोंड उघडलं होतं, भास्कर. सवयीनं उघडलं. ऋतुजाची दोन वर्षं राहिलीत, नवीन घराचं भाडं, अजून तुझा महिनाही झाला नाही, लोक काय म्हणतील, आणि बर्फ, काय, हातात धरला की संपला. सगळी वाक्यं जिभेवर ओळीनं उभी होती. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. मी आता काय म्हणणार ते त्यांना ठाऊक आहे आणि ते ऐकायची त्यांनी तयारी करून ठेवली आहे, असं बघत होत्या.

"बोला की," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "लई गार असतं तिकडं, वहिनी. अंगभर स्वेटर घ्या. चांगला, महागातला घ्या."